पार्काशेजारची रात्र कितीला पडते?

मे महिना जवळ आला की आमच्या आष्टीत मुलांच्या तोंडी दोनच नावे असतात, इमॅजिका आणि रामोजी. कुणाच्या मामूने मोबाईलवर झुल्यांचा व्हिडिओ दाखवलेला असतो, कुणाची खाला हैदराबादहून फोटो पाठवते. मग घरोघरी हिशेब सुरू होतो. माणसे पाच, तिकीट इतके, रेल्वेभाडे इतके, झाले. पण या हिशेबात सगळ्यात जड आकडा बहुधा राहूनच जातो, तो म्हणजे रात्रीच्या खोलीचा.

मुंबई-पुण्याच्या कुटुंबाचे वेगळे आहे. ते सकाळी घरून निघतात, दिवसभर झुले खेळतात आणि रात्री आपल्या अंथरुणावर झोपतात. त्यांना हॉटेल म्हणजे हौस. आम्ही परतूरला रात्रीची गाडी पकडणार, पहाटे कल्याणला उतरणार, तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल धरणार. दिवसभर मुलांना उन्हात फिरवून पुन्हा लगेच रात्रीच्या गाडीत बसवणे दादीला तर जमणारच नाही, पण आम्हालाही जमणार नाही. म्हणजे मराठवाड्यातल्या कुटुंबाला खोली घ्यावीच लागते. आणि ज्याला घ्यावीच लागते त्याला भाव करता येत नाही, हे बाजारात जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. तरीही भाव कमी करून घेण्याची एक चावी आपल्या हातात आहे. ती पुढे सांगतोच.

आधी ही हॉटेले पार्काला चिकटून का उभी राहतात ते पाहू. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. तिथे रात्रीचा प्रश्न फारसा नव्हता, बहुतेक लोक संध्याकाळच्या लाँचने खाडी ओलांडून परत यायचे. पुढे १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आले. आता एस्सेलवर्ल्ड बंद आहे. एप्रिल २०१३ मध्ये रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झाले. २०१४ मध्ये तिथेच वॉटर पार्क झाला आणि २०१५ मध्ये नोव्होटेल हॉटेल. हा क्रम नीट पाहिला की सगळे गणित उलगडते. एक पार्क एका दिवसात होतो. दुसऱ्या पार्काला दुसरा दिवस हवा. आणि दोन दिवसांच्या मध्ये एक रात्र असते. ती रात्र लोणावळ्याच्या किंवा पनवेलच्या हॉटेलवाल्याने कमवावी, की पार्कवाल्याने?

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत १९५५ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले तेव्हा हॉटेल बांधायला त्यांच्याकडे पैसे उरले नव्हते. शेजारचे डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच उद्योजकाने बांधले, आणि बघता बघता चहूबाजूंनी मोटेलांची रांग लागली. मेहनत डिस्नेंची आणि रात्रीची कमाई शेजाऱ्यांची. हा धडा घेऊन त्यांनी फ्लोरिडात तब्बल २७ हजार एकर जमीन घेतली आणि १९७१ मध्ये त्यांच्या कंपनीने तिथला पार्क उघडला तो स्वतःच्या दोन हॉटेलांसहित. पुढे युनिव्हर्सल ही दुसरी कंपनी त्याच गावात आली आणि कुटुंबांना ओढण्याची चढाओढ लागली. मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलने तिथे आणखी एक मोठा पार्क उघडला, त्याच्या सोबत कमी भाड्याची नवी हॉटेलेही बांधली. डिस्नेने २०१८ मध्ये आपल्याच हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांकडून रात्रभर गाडी लावण्याचेही पैसे घ्यायला सुरुवात केली होती. २०२३ मध्ये ते पैसे घेणे बंद केले. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकते याची जाणीव असेल तिथेच असले बारीकसारीक खर्च गळून पडतात.

आपल्याकडे अशी चढाओढ आहे का? थोडी आहे, पण वाटते तितकी नाही. इमॅजिकाची मूळ कंपनी कर्जाखाली दबली आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ती ताब्यात घेतली. लोणावळ्याचा आणि शिर्डीचा वेट अँड जॉय वॉटर पार्क आधीपासून याच समूहाचा. २०२४ मध्ये तेही इमॅजिकाच्याच कंपनीत आणण्यात आले. म्हणजे खोपोली महाग वाटली म्हणून लोणावळ्याच्या वॉटर पार्कला गेलो, तरी तिकिटाचे पैसे एकाच घरात जातात. यात गैर काही नाही, व्यापार असाच चालतो. फक्त चढाओढीमुळे तिकीट आपोआप उतरेल या भरवशावर राहू नये. खरी चढाओढ खोल्यांमध्ये आहे. खोपोलीचे साधे लॉज, लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले आणि भाड्याचे बंगले, कार्ल्याचे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान, पनवेलची हॉटेले, या सगळ्यांना तेच कुटुंब हवे असते.

आता ती चावी. हॉटेलची खोली ही आठवडी बाजारातल्या मेथीच्या जुडीसारखी आहे. संध्याकाळपर्यंत विकली नाही तर दुसऱ्या दिवशी तिची किंमत शून्य. आजची रात्र उद्या विकता येत नाही. म्हणून हॉटेलवाले रोज, कधी कधी दिवसातून दोनदा, भाव बदलतात. आणि खोपोलीच्या खोल्यांचा भाव ठरवतात मुंबई-पुण्याचे नोकरदार, ज्यांना फक्त शनिवार-रविवार मोकळा असतो. शनिवारची रात्र महाग असते ती त्यांच्यामुळे. सोमवार ते गुरुवार मात्र हॉटेल ओस पडते. आम्हा शिक्षकांना, शेतकऱ्यांना आणि ज्यांचे स्वतःचे दुकान आहे त्यांना मुलांच्या सुट्टीत मंगळवार काय आणि शनिवार काय, सारखाच. तरीही कितीतरी कुटुंबे सवयीने शुक्रवारी रात्री निघतात आणि नेमकी गर्दीच्या भावात सापडतात.

मधल्या वारी जाण्याचा दुसरा फायदा कराचा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला. त्याआधी तो १२ टक्के होता. पण ७,५०० च्या वर एक रुपया गेला की पूर्ण रकमेवर १८ टक्के. खोली ७,४०० ची असेल तर कर ३७० आणि एकूण ७,७७०. खोली ७,६०० ची असेल तर कर १,३६८ आणि एकूण ८,९६८. खोलीच्या भावात फरक दोनशेचा आणि खिशातून जाणार ११९८. बुकिंगच्या साइटवर मोठ्या अक्षरात दिसतो तो भाव बहुधा कराशिवायचा असतो, कर शेवटच्या पानावर उगवतो. पार्काच्या तिकिटावर तर १८ टक्के आहेच. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये खाली आणला गेला.

पाचवीच्या वर्गात घालतो तसे एक गणित घालून पाहू. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. समजा पार्काच्या हॉटेलात शनिवारी मोठी खोली १२,००० ला आहे, नाश्त्यासहित. १८ टक्के धरून १४,१६०. बाहेर दोन साध्या खोल्या प्रत्येकी ३,००० ला, ५ टक्के धरून ६,३००. त्यात पाच माणसांचा नाश्ता ७५० आणि जाण्या-येण्याची रिक्षा १,००० मिळवली तर ८,०५०. बाहेर राहणे ६,११० रुपयांनी स्वस्त. पण तीच आतली खोली मंगळवारी ७,४०० ला मिळाली, तर करासहित ७,७७० होते आणि आत राहणे बाहेरपेक्षा स्वस्त पडते! म्हणून "पार्काचे हॉटेल महागच" आणि "आतच राहा, सोयीचे पडते" ही दोन्ही वाक्ये वार सांगितल्याशिवाय निरर्थक आहेत.

कर दर खोलीमागे मोजला जातो, हेही एकत्र कुटुंबाने लक्षात ठेवावे. १०,००० च्या एका मोठ्या खोलीवर कर १,८००. ५,००० च्या दोन खोल्यांवर मिळून ५००. शिवाय अम्मी-अब्बांना आणि मोठ्या मुलींना वेगळी खोली मिळते, पडदाही राहतो आणि झोपही होते.

दुसरी गोष्ट गाडीची. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला वीस-तीस किलोमीटरच्या परिसरातले प्रत्येक हॉटेल मोकळे असते. जो लोकलने खोपोलीला उतरतो त्याला तीन-चारच पर्याय राहतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून जालन्याहून थेट भिवंडीच्या जवळ पोहोचता येते. दोन भावांची कुटुंबे मिळून एक मोठी गाडी करत असतील तर टोल आणि डिझेल धरूनही खोलीच्या भावात ते पैसे भरून निघू शकतात. चार जणांच्या कुटुंबाला रेल्वेच बरी.

हैदराबादचा मामला याहून सोपा आहे. रामोजी फिल्म सिटी १९९६ ची. तिच्या आवारातच सितारा, तारा अशी वेगवेगळ्या भाड्याची हॉटेले आहेत आणि खोली व प्रवेश एकत्र धरून पॅकेज विकले जाते. पण शहर सुमारे तीस किलोमीटरवर आहे, बस मिळते, आणि नामपल्ली, काचीगुड्यापासून हव्या त्या भाड्याची शेकडो हॉटेले आहेत. परतूरहून थेट गाडी, निजामाच्या काळापासूनची नाती, जेवणात हलालची चौकशी करायची गरज क्वचितच. इथे आत राहण्याची सक्ती अशी नाहीच. मुले दिवसा रामोजीला, दुसऱ्या दिवशी चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय, आणि खोली दोन्ही दिवस तीच. आमच्या मते मराठवाड्यातल्या घराने पहिली सहल हैदराबादचीच करावी. खोपोलीचे झुले मुले मोठी झाल्यावर अधिक वसूल होतात.

मोठी यावरून आठवले. बऱ्याच पार्कांत मुलाचे तिकीट उंचीवर ठरते, हॉटेलात मात्र वयावर. आमच्या वर्गातले उंचपुरे अकरा वर्षांचे पोर पार्काच्या दारात मोठा माणूस होते आणि हॉटेलच्या काउंटरवर पुन्हा लहान होते. म्हणून निघण्यापूर्वी भिंतीला उभे करून उंची मोजा आणि जन्मतारखेचा पुरावा सोबत ठेवा. एका हॉटेलात आमच्याकडून नाश्त्याचे जादा पैसे मागितले गेले ते मुलाचे वय मान्य नव्हते म्हणून. आधार कार्ड दाखवल्यावर विषय मिटला.

ईदच्या सुट्टीचेही एक गणित आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांचे भाव हॉटेलवाल्यांच्या वहीत आधीच चढवलेले असतात. ईद मात्र दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. ज्या वर्षी ती परीक्षांच्या दिवसांत किंवा शाळा भरलेल्या आठवड्यात येते, त्या वर्षी ईदनंतरच्या मधल्या वारांना खोल्या रिकाम्या असतात. त्या वेळी जायचे तर एखाद्या दिवसाची रजा पुरते. मे महिन्यातली बकरी ईद असेल तर हा फायदा नाही.

जाण्याआधी फोनवर विचारायच्या गोष्टी थोड्याच. पॅकेजमधले तिकीट पोहोचण्याच्या दिवशी चालते की निघण्याच्या? खोली दुपारी दोनला मिळत असली तर सकाळपासून सामान ठेवून घेतील का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर एका रात्रीत दोन पार्क होतात आणि दुसऱ्या रात्रीचे भाडे वाचते. मांसाहार हलाल आहे का, हे विचारून उत्तर मेसेजवर मागून घ्यावे. नमाजसाठी जागा पार्कात मिळेल का, तेही. वॉटर पार्कात सुती कपडे, साडी, सलवार-कुर्ता बहुधा चालत नाही, नायलॉनचा पोशाख लागतो. पूर्ण अंग झाकणारा पोशाख चालेल का हे विचारून तो जालन्याहूनच घेऊन जावा. तिथे पाच जणांचे कपडे भाड्याने घेणे म्हणजे एका जेवणाचे पैसे.

आणि दादी. पॅकेज माणशी असते, म्हणजे खोलीत झोपणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसामागे पार्काचे तिकीटही धरलेले असते. दादी झुल्यात बसणार नाही, पाण्यात उतरणार नाही, तिला नातवंडांचे हसणे ऐकायचे असते. काही पार्कांत ज्येष्ठांसाठी वेगळे तिकीट असते, काही हॉटेले फक्त खोली वेगळी देतात. तेव्हा पॅकेजचा भाव ऐकल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारा: "तिकिटाशिवाय नुसती खोली कितीला, आणि वयस्कर माणसाचे तिकीट वेगळे काढले तर किती?" या दोन आकड्यांची बेरीज पॅकेजपेक्षा कमी निघाली तर पॅकेज घेऊ नका. जास्त निघाली तर दादीचे तिकीट पॅकेजमध्येच राहू द्या, तिला आत सावलीत बसवता येईल.