लॅक्स्टन गांवचा शके १५५७ चा नकाशा

इंग्लंडांतील नॉटिंगहॅमशायर परगण्यांत लॅक्स्टन म्हणून एक लहानसें खेडें आहे. रस्त्याच्या कडेस शेतकऱ्यांचीं विटांचीं घरें, सेंट मायकेलचें दगडी प्रार्थनामंदिर आणि उत्तरेस नॉर्मन अमदानींतील गढीचा मातीचा उंचवटा, एवढाच त्याचा पसारा. असलीं गांवें त्या देशांत पुष्कळ सांपडतील. प्रस्तुत वाचकांनीं याच गांवाकडे लक्ष द्यावें याचें कारण इ. स. १६३५ (शके १५५७) सालीं तयार झालेला त्याचा नकाशा होय.

नकाशा करविणारा सर विल्यम कोर्टीन हा लंडनचा धनाढ्य व्यापारी तेव्हां लॅक्स्टनचा जमीनदार होता. कोंकणच्या इतिहासांत हें नांव अपरिचित नाहीं. त्याच सालाच्या अखेरीस राजा पहिला चार्लस यानें ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता बाजूस सारून ज्या मंडळीस पूर्वेकडील व्यापाराची परवानगी दिली, तिचा मुख्य भांडवलदार हाच. तो १६३६ त वारला. त्याच वर्षीं मंडळीचीं जहाजें कॅप्टन वेडेलच्या हाताखालीं गोव्यास आलीं व पुढें राजापूर आणि कारवार येथें तिच्या वखारी पडल्या. राजापूरच्या वखारीचे कागद चाळणारास तिच्या मूळ धन्याच्या घरचें हें दप्तर ठाऊक असावें.

नकाशा मार्क पियर्स नामक मोजणीदारानें काढला. तो चर्मपत्रावर रंगविलेला असून हल्लीं नऊ तुकड्यांच्या रूपानें ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथसंग्रहांत आहे. नांगऱ्यांचीं, कापणी करणारांचीं व शिकाऱ्यांचीं चिमुकलीं चित्रें त्यांत आहेत. पण खरी किंमत चित्रांची नव्हे. पट्ट्यावर आंकडा असून त्याच आंकड्यानें सोबतच्या खातेपुस्तकांत कुळाचें नांव व क्षेत्र मिळतें. आपल्याकडील थळझाड्यास नकाशाची जोड मिळावी तसा हा प्रकार आहे. अशा जोडकागदांपैकीं एक संग्रहीं यावा व दुसरा वाण्याच्या पुडींत जावा, म्हणजे उरलेला मुका होतो, हा अनुभव आपणांपैकीं कोणास नाहीं?

गांवचें रान थोड्या, पण अवाढव्य मोकळ्या शेतांत विभागलेलें होतें. पट्ट्यापट्ट्यांमध्यें कुंपण नव्हतें, आणि एकेका कुळाचे पट्टे सर्व शेतांत विखुरलेले. पट्टे एकंदर दोन हजारांवर भरत. एका शेतांत गहूं, दुसऱ्यांत वसंतांत पेरावयाचें पीक, तिसरें पड, अशी पाळी फिरे. ऑर्विन दांपत्यानें १९३८ च्या आपल्या ग्रंथांत विखुरणीचें कारण नांगरटींत शोधलें: सामाईक नांगरानें एका दिवसांत जेवढें रान उठे तेवढें पाळीपाळीनें एकेकाच्या वांट्यास येई. हा तर्क पटण्याजोगा आहे. तथापि बरीवाईट जमीन सर्वांस सारखी मिळावी हाहि हेतु नसेलच असें म्हणवत नाहीं.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनीं असलीं रानें वाटून त्यांस कुंपणें घालण्यांत आलीं. लॅक्स्टन मात्र बचावलें. मॅनव्हर्स व स्कारबरो या दोन अर्लांचें वांटणीविषयीं एकमत होईना, हें त्याचें कारण सामान्यतः सांगतात. पण म्हणून गांव जसेंच्या तसें राहिलें असें कोणीं समजूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं पट्टे एकत्र करून त्यांची संख्या पुष्कळच उतरविली, व मोकळीं शेतें आज तीनच उरलीं आहेत.

नकाशा सीमा दाखवितो. सीमा राखावयाची कशी, हें सांगत नाहीं. तें गांवांत जाऊन पाहावें लागतें. नोव्हेंबराच्या अखेरीस गांवचे पंच गव्हाच्या शेतांत फिरतात, पट्ट्यांच्या कडेस खुंट्या ठोकतात, आणि कोणीं वाटेंत वा सामाईक गवताळ पट्टींत नांगर घातला असेल तर दंड बसवितात. आठवड्यानें गांवच्या पथिकाश्रमांत न्यायसभा भरून हे दंड मंजूर होतात. १९७७ च्या कायद्यानें अशा जुन्या बहुतेक सभांचे अधिकार काढून घेतले. लॅक्स्टनच्या सभेचा अधिकार राखून ठेवला.

१९५२ त गांव सरकारनें विकत घेतलें, १९८१ त तें राजसंपत्तीच्या व्यवस्थापकांकडे व २०२० त थोर्सबी जहागिरीकडे, म्हणजे मॅनव्हर्सांच्या जुन्या मिळकतीकडे, परत गेलें. दंडाची रक्कम आजहि अगदीं किरकोळच असते. शेजाऱ्यांदेखत नांव पुकारलें जाणें हीच खरी शिक्षा.