बचत गटाच्या वहीतील एक रकाना

जून महिन्यात मुलांना वसतिगृहात पोहोचवावयास येणाऱ्या मातांशी बोलताना एक गोष्ट आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते : पेटी, वह्या व एस.टी.चे भाडे यांसाठी लागलेले पैसे गटातून उचलले. बचत गट म्हटले की पापड-लोणच्यांची प्रदर्शने डोळ्यांपुढे येतात. परंतु गटाचे खरे बळ या उचलीत आहे, असे आमचे मत आहे.

गट दहा ते वीस स्त्रियांचा. बारा जणींनी दरमहा शंभर रुपये जमा केले, तर वर्षअखेर १४,४०० रुपये होतात व त्यांतूनच सभासदांना कर्ज दिले जाते. दरमहा शेकडा दोन म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस. हे व्याज थोडे नव्हे. मात्र ते सावकाराच्या घरी न जाता गटातच राहते. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला आणि जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिलाही गटामार्फत विनातारण कर्जाची वाट मिळाली. तेथे तारणाच्या जागी गटाची वही पाहिली जाते.

या कर्जातून पुष्कळ जणी शेळी घेतात. उस्मानाबादी शेळी कोरडवाहू मुलखात तग धरते व बहुधा जुळी करडे देते. पण गाभणकाळ पाच महिन्यांचा. करडू विकण्याजोगे होण्यास आणखी कित्येक महिने जातात. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू! तो खुरपणीच्या मजुरीतून भरावा लागतो आणि मजुरी आटली की गाभण शेळीच बाजारात जाते. जाणते गट म्हणूनच आरंभी केवळ व्याज घेतात व मुद्दल करडांच्या विक्रीनंतर वसूल करतात.

पापडाची गोष्ट याहून अवघड आहे. उडीद, पापडखार, तेल, पिशव्या यांचा खर्च वहीत चढतो. लाटणाऱ्या हातांची मजुरी चढत नाही. विचारले तर “घरचंच काम, त्याची कसली मजुरी?” असे उत्तर मिळते. मग ज्यास नफा म्हटले जाते, ती वस्तुतः त्यांचीच मजुरी असते, आणि तीही पुष्कळदा शेतावरील रोजापेक्षा कमी भरते. त्या दराने माल विकला, तर जितकी विक्री अधिक तितके श्रम फुकट.

सुट्टीत घरी गेलेल्या आमच्या मुलींकडे गटाची वही लिहिण्याचे काम हमखास येते. त्या वहीत मजुरीचा एक रकाना आखावा, एवढे आम्ही त्यांना निघताना सांगतो.