दिवाडी : फेरीबोटीपलीकडची शेती आणि आपले समज

जुन्या गोव्यातली चर्च पाहून झाली की बहुतेक मराठी सहली मंगेशी-म्हाळसेच्या रस्त्याला लागतात. व्हाइसरॉयच्या कमानीखालून तसेच पुढे चालत गेले तर मांडवीचा धक्का लागतो आणि तिथून फेरीबोट दिवाडीला जाते. पल्याड उतरल्यावर दोन्ही बाजूंना भातशेती आणि मधून गेलेला सरळ रस्ता. शेजारी चोडण बेट आहे. तिथे सलीम अली पक्षी अभयारण्य असल्यामुळे पक्षीप्रेमी तरी जातात. दिवाडीला जाणारा माणूस मात्र 'शांत गाव, जुनी घरे, छान फोटो' एवढ्यावर परततो. हे बेट पाहायचे तर त्याची शेती आणि त्या शेतीतून ताटात येणारे अन्न पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि नेमक्या याच बाबतीत गैरसमज फार आहेत.

गैरसमज : ही शेते म्हणजे नदीकाठची नैसर्गिक सपाट जमीन आहे.

दिवाडीच्या टेकडीवर पिएदादचे चर्च आहे. तिथून खाली पाहिले की हिरवा सपाट पट्टा दिसतो आणि तो मुळापासून असाच असावा, असे वाटते. प्रत्यक्षात त्या पट्ट्याचा बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मांडवी इथे समुद्राला जवळ आहे, दिवसातून दोनदा भरती येते आणि पावसाळा संपला की खारे पाणी नदीतून मैलोगणती आत शिरते. बांध नसता तर ही सगळी शेते दलदल आणि खारफुटी राहिली असती. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखल, पेंढा आणि जांभा दगड रचून बांध घातले आणि नदीकडून ही जमीन मिळवली. तिला खाजन म्हणतात. संपूर्ण गोव्यात अशी खाजन जमीन साधारण 18,000 हेक्टर आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून ती कसली जाते. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 मध्ये गावकरी या ग्रामसंस्थेच्या चालीरीती लेखी नोंदवल्या, तेव्हा त्याच्यासमोर जमीन, पाणी आणि बांध एकत्रितपणे सांभाळणारी जुनी व्यवस्था उभी होती. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले.

बांध म्हणजे नुसती मातीची भिंत नव्हे. तिच्यात जागोजाग दारे असतात, त्यांना मानस म्हणतात. मानस जवळून पाहण्यासारखी आहे. जांभ्या दगडाच्या दोन भक्कम भिंतींमध्ये लाकडी दार. काही ठिकाणी ते बिजागरीवर झुलते, काही ठिकाणी खाचांमध्ये फळ्या वरखाली सरकवतात. झुलत्या दाराला कोणी हात लावावा लागत नाही. ओहोटी लागली की शेताकडचे पाणी दाराला बाहेर ढकलते आणि पावसाचे साचलेले पाणी नदीत निघून जाते. भरती सुरू झाली की नदीचे पाणी तेच दार आतल्या बाजूला दाबते आणि ते घट्ट मिटते. पाणी वळण्याच्या वेळेला तिथे उभे राहा. आधी दाराच्या फटीतून येणारी धार बारीक होते, मग काही क्षण पाणी दोन्हीकडे स्थिर होते आणि मग ओले लाकूड चौकटीवर टेकल्याचा जड आवाज येतो. यात ना मोटर, ना वीज. मानसीच्या आतल्या बाजूला खोल डोह असतो, त्याला पोंय म्हणतात. बांधाजवळ पाण्याचा जोर तो सोसतो आणि मासळीला आसरा देतो.

गैरसमज : खारे पाणी म्हणजे भाताचा नाश.

आपल्या नेहमीच्या भाताचा नाश होतोच. म्हणूनच खाजनात कोरगूट पिकतो. उंच वाढणारा, लालसर दाण्याचा, खारटपणा सोसणारा हा भात शेकडो वर्षांच्या निवडीतून इथल्या मातीत रुजला आहे. त्याच्या सोबतीने आसगो नावाची जातही लावतात. जूनमधला पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढतो, ते पाणी ओहोटीबरोबर मानसीतून बाहेर जाते आणि मग पेरणी होते. पाऊस मध्येच दडी मारून बसला तर मीठ पुन्हा वर येते. सुधारित जात अशा वेळी मान टाकते. कोरगूट तग धरतो. त्याचे उत्पादन सुधारित जातींपेक्षा कमी येते हेही खरे, आणि शेतकऱ्याने तो सोडण्यामागचे ते एक मोठे कारण आहे. गोव्यात आज ज्योती आणि जया या जातींचा प्रसार खूप आहे. पण खाजनात त्या भरवशाच्या नाहीत.

फेरीबोटीच्या धक्क्यापासून फार लांब नसलेल्या एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीसाठीची संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कोरगुटातूनच निवड करत खारटपणा सोसणारे आणि जास्त उत्पादन देणारे वाण तयार केले, ते 'गोवा धान' या नावाने ओळखले जातात. समुद्राची पातळी वाढत असताना साऱ्या किनारपट्टीला अशाच बियाण्याची गरज पडणार आहे. ते या चिखलात आधीपासून होते, याचा मला फार अभिमान वाटतो.

गैरसमज : लाल, जाड, उकडा तांदूळ हा गरिबाचा, हलक्या प्रतीचा तांदूळ.

हा समज आपल्याकडे, कोकणात आणि घाटावर दोन्हीकडे, इतका मुरला आहे की पाहुण्यांसमोर उकड्याचा भात वाढायला घरची माणसे संकोचतात. प्रतीचाच प्रश्न असेल तर उत्तर सरळ आहे. भात भिजवून, वाफवून किंवा उकळून, वाळवून मग सडला की कोंड्यातली ब जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्याच्या आत उतरतात आणि सडल्यानंतरही टिकतात. वाफेने पिष्ट घट्ट होते, म्हणून कणी कमी पडते. क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याने जावा बेटावर पाहिले की पांढरा सडीचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखे दुखणे जडते आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या कामाच्या मालिकेसाठी त्याला 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आज्यांना हे पारितोषिक ठाऊक नव्हते, पण भाणात, म्हणजे मोठ्या हंड्यात, भात उकडण्याचे काम त्यांनी कधी सोडले नाही.

दिवाडीच्या एखाद्या घरात राहायचा योग आला तर सकाळी अकराच्या सुमाराला पेज मागून घ्या. दाणा फुलून उघडतो, तरी त्याची लालसर रेघ सुटत नाही. पाणी दुधट होते, पण चिकट होत नाही. सोबत चेपणीतले तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी, आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. शेतावर राबणाऱ्या माणसाचे हे दुसऱ्या प्रहराचे अन्न. हॉटेलच्या मेनूवर ते सहसा नसते.

गैरसमज : जून-जुलैत गोव्यात ताजा मासा मिळत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हा मासेमारी बंदीचा काळ असतो, पण ही बंदी समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक बोटींसाठी आहे. नदी आणि खाजन तेव्हाही मासळी देतात. ओहोटीला मानसीच्या तोंडाशी जाळे लावतात आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर सुंगटे, काळुंदर, शेवटे आणि नशिबात असेल तेव्हा चोणाक त्यात येते. हे काम बहुधा रात्रीच्या ओहोटीला चालते. मानसीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो.

आणि इथेच एक जुने भांडण आहे, ते पाहुण्याने समजून घेतले पाहिजे. लिलाव घेणाऱ्याला जास्त मासळी हवी असते, म्हणून खारे पाणी जास्त वेळ आत राहावे असे त्याला वाटते. शेतकऱ्याला ते पाणी वेळेत बाहेर हवे असते. पूर्वी गावकरी दोघांचे हित एका हिशोबात बसवत असे. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाले, ते न्याय्यच होते. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली, गावकरीचा जुना अंमल ओसरला आणि तरुण मंडळी नोकरीसाठी बाहेर पडली. अनेक गावांत बांधाकडे पाहणारा माणूसच राहिला नाही. खेकड्याने केलेले बीळ वेळेवर बुजवले नाही तर अमावस्येच्या मोठ्या भरतीला तिथूनच बांध फुटतो. एकदा खारे पाणी आत भरले की ते शेत पुन्हा लागवडीला यायला काही पावसाळे जावे लागतात.

गैरसमज : जितकी खारफुटी अधिक, तितके बेट निरोगी.

बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला, हे शंभर टक्के खरे. खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते, माती धरते, माशांच्या पिलांना आसरा देते. पण बांधाच्या आत, जिथे भात असायला हवा तिथे खारफुटी उगवली असेल तर बांध कुठेतरी फुटला आहे आणि तो दुरुस्त झालेला नाही, असे समजावे. फोटोत ते हिरवेगार दिसते. त्या शेताच्या मालकाला मात्र ती झाडे सहजासहजी तोडताही येत नाहीत, कारण खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे. 2011 च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांचे नकाशे करावेत आणि तिथे बांधकाम होऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. कागद चांगला आहे, पण बांधाला माती कागद घालत नाही.

आपल्या रायगडातही हीच गोष्ट आहे. अलिबागच्या खारेपाटात समुद्राला बांध घालून भात पिकवतात आणि पाण्याच्या दाराला उघाडी म्हणतात. 1933 ते 1939 असा दीर्घ चाललेला चरीचा शेतकरी संप नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच खाऱ्या जमिनीवर झाला. अलिबागकराला दिवाडीत मानस दाखवली तर त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

गैरसमज : बेटावरच्या ताटातले सगळे बेटावरच पिकते.

नाही. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून येते आणि दिवाडीच्या स्वयंपाकघरातला कांदा-टोमॅटोही बहुधा तिथलाच असतो. यजमान तसे सांगत असेल तर तो प्रामाणिक आहे. 'सगळे घरचे, सगळे सेंद्रिय' असे सांगणाऱ्यापेक्षा अशा यजमानावर जास्त विश्वास ठेवावा. इथले म्हणून मागावे ते ऋतूप्रमाणे. भातकापणीनंतर, थंडीच्या दिवसांत, दिवाडीच्या तिसवाडी तालुक्यातल्या शेतांत तांबडी भाजी, मुळा, वांगी आणि अळसांदे येतात. अळसांद्याचे तोंडाक, म्हणजे या कडधान्याची रस्साभाजी, उकड्या भाताबरोबर खाल्ले तर मासळीची आठवण होणार नाही. उन्हाळ्यात मानकुराद आंबा असतो, त्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

गैरसमज : बोंदेराम म्हणजे पर्यटकांसाठी भरवलेला कार्निव्हल.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत झेंड्यांची मिरवणूक निघते आणि बाहेरची गर्दी होते. तिचे मूळ वाड्यांमधल्या जमिनीच्या हद्दींच्या वादात आहे. हद्दी दाखवायला झेंडे रोवले जात, ते पाडले जात आणि त्यावरून मारामाऱ्या होत. शेतीने जगणाऱ्या बेटावर हद्दीला किती मोल होते, ते या उत्सवात आजही दिसते. त्याच महिन्यात गोव्यातल्या अनेक गावांत भाताच्या पहिल्या कणसांना चर्चमध्ये आशीर्वाद देण्याचा सण होतो. हिंदू घरांत नव्याचा सण, ख्रिस्ती घरांत कणसांचे फेस्त, आणि शेत दोघांचे तेच.

मराठी माणसासाठी आणखी एक धागा आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवरचे. पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथले देऊळ बांधवले. दर्शनाला जाणाऱ्यांनी नार्व्याहूनच फेरीबोट धरावी, ती दिवाडीलाच येते.

गैरसमज : जायचे तर डिसेंबरातच.

डिसेंबरात हवा छान असते, पण भात कापून झालेला असतो. शेती पाहायची तर जुलै ते सप्टेंबर या काळात जावे. कापणी पाहायची तर ऑक्टोबरात. भरती-ओहोटीचे तक्ते आधी पाहून घ्यावेत आणि मानसीवर ओहोटी संपण्याच्या वेळेला पोहोचावे. बांधावर मोटारसायकल नेऊ नये, चाकांनी माती सैल होते आणि पावसात तिथूनच पाणी शिरते. शेतात उतरण्याआधी जवळच्या घरात विचारावे. बहुतेक वेळा होकार मिळतो आणि कुणीतरी सोबतही येते. निघताना कोरगूट मिळत असेल तर पाच-दहा किलो विकत घ्यावा, शेतकरी सांगेल त्या भावाने. हा भात विकला जातो हे दिसले, तरच पुढच्या जूनमध्ये तो पेरला जाईल.