सिलिंडर सोडून पाइप गॅस घ्यावा का? आधी १८ चा हिशेब करा

सोसायटीत पाइप गॅसची लाइन आली की घरोघरी एकच प्रश्न असतो : सिलिंडर परत करायचा का? शेजाऱ्यांचे बिल पाहून ठरवू नका. उत्तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मिळते.

पैसे वाचतात का?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. पाइप गॅस घनमीटरमध्ये मोजतात. एका सिलिंडरइतकी उष्णता मिळवायला साधारण १८ घनमीटर पाइप गॅस लागतो. म्हणून सिलिंडरच्या किमतीला १८ ने भागा. समजा सिलिंडर ९०० रुपयांचा आहे, तर उत्तर ५० येते. पाइप गॅसचा करासह दर यापेक्षा कमी असेल तरच फायदा. दर ४५ रुपये असल्यास सिलिंडरमागे ९० रुपये वाचतील. उज्ज्वला योजनेचे अनुदान मिळत असेल, तर ते किमतीतून आधी वजा करा.

गीझरचे काय?

खरी बचत इथे होऊ शकते. एक घनमीटर गॅस पाणी तापवण्यात विजेच्या साधारण ८ युनिटचे काम करतो. वीज ८ रुपये युनिट धरली, तरी तेवढ्याच पाण्याला ६४ रुपये लागतात.

पण गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कधीच लावू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवायला जागा नसेल, तर विजेचाच बरा.

सुरक्षित कोणता?

पाइप गॅस हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर वर जातो. एलपीजी जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून पाइप गॅस घेतल्यावर स्वयंपाकघरातील वरची जाळी बंद करू नका. वास आला तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा आणि विजेच्या बटणांना हात लावू नका.

होकार देण्याआधी

- शेगडी आणि गीझरचे जेट बदलावे लागतात. ते कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या.
- अनामत, जोडणीचा खर्च आणि जादा पाइपचे पैसे लेखी विचारा.
- सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून एजन्सीकडून अनामत परत घ्या. त्यासाठी जोडणीची मूळ पावती शोधून ठेवा.
- भाड्याच्या घरात असाल, तर आधी घरमालकाशी बोला.

दरात फारसा फरक नसेल, तरी बुकिंगची कटकट आणि सिलिंडर संपण्याची धास्ती जाते. त्याचे मोल किती, हे ज्याच्या त्याच्या घरावर.