आमदार मोजायचे कुठे?

संघराज्य, सत्तेची विभागणी हे शब्द आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतो, पाच गुणांसाठी पाठ करतो आणि विसरून जातो. पण बोटाला शाई लावून आपण निवडलेलं राज्यातलं सरकार दिल्लीच्या एका आदेशानं घरी जाऊ शकतं का, हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. त्यात तुमच्या-माझ्या मताची किंमत अडकलेली आहे.

राज्याचा कारभार घटनेनुसार चालणं अशक्य झालं, असं राष्ट्रपतींचं मत झालं, तर घटनेच्या ३५६व्या कलमान्वये तो केंद्राच्या हाती जातो. हे कलम वापरायची वेळच येऊ नये, ते कागदावरच राहावं, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी ४ ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत व्यक्त केली होती. मी कविता लिहिणारा माणूस. कागदावरच राहावा म्हणून कवी शब्द लिहीत नाही. घटनाकाराला मात्र तसाही लिहावा लागतो.

तो कागदावर राहिला नाही. १९५९मध्ये केरळात नंबुद्रीपाद सरकार विधानसभेत बहुमत असताना बरखास्त झालं. १९७७मध्ये जनता पक्षानं काँग्रेसची नऊ राज्यं घालवली. १९८०मध्ये काँग्रेसनं नऊ सरकारं घालवून परतफेड केली. त्यात आपल्याकडचं शरद पवारांचं सरकारही होतं. मी तेव्हा शाळकरी होतो. दिल्लीतला पक्ष बदलला, सवय बदलली नाही.

१९८९मध्ये कर्नाटकात एस. आर. बोम्मई म्हणत होते, ‘मला सभागृहात बहुमत सिद्ध करू द्या.’ ती संधी न देता त्यांचं सरकार गेलं. ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी या खटल्यात निकाल दिला. बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचं. राष्ट्रपती राजवटीची न्यायालय तपासणी करू शकतं. संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही. बाबरी मशीद पाडल्यानंतर, डिसेंबर १९९२मध्ये, मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातली सरकारं बरखास्त झाली होती. ती कारवाई मात्र याच निकालानं वैध ठरवली, कारण धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या पायाचा भाग आहे. म्हणजे कलम मोडीत निघालं नाही, त्याला कुंपण पडलं.

कुंपण राखायला अनेक हात लागतात. १९९७मध्ये उत्तर प्रदेशाबाबतची मंत्रिमंडळाची शिफारस राष्ट्रपती नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. १९९९मध्ये राज्यसभेत मंजुरी मिळणार नाही हे दिसताच बिहारमधली राजवट मागे घ्यावी लागली. २०१६मध्ये न्यायालयानं अरुणाचल प्रदेशातलं सरकार पुन्हा खुर्चीवर बसवलं. सत्ता विभागलेली असली, की राज्यालाही दाद मागायला दार उरतं, ते असं.

पण दार उघडायला वेळ लागतो. बोम्मईंचा मुद्दा खरा ठरला तो जवळजवळ पाच वर्षांनी. तोवर कर्नाटकात निवडणूकही होऊन गेली होती. महाराष्ट्रात जून २०२२मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश दिला. तो योग्य नव्हता, असं न्यायालयानं म्हटलं मे २०२३मध्ये. उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे सरकार मात्र परत आणता आलं नाही.

आपली व्यवस्था चालते, पण उशिरा चालते. मतदाराचं मत पाच वर्षांपुरतंच असतं. न्यायाला उशीर झाला, तर त्या मताची मुदतच संपून जाते. म्हणून अशा खटल्यांचा निकाल काही दिवसांत लागावा, ही मागणी कुठल्या पक्षाची नाही, मतदाराची आहे.