मालिका संपते तेव्हा

१९८८ साली पंजाबातील जालंधर शहरात सफाई कामगारांनी काम बंद केले. मागणी पगारवाढीची नव्हती, की नोकरीत कायम करण्याचीही नव्हती. दूरदर्शनवरची रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका संपत आली होती आणि उत्तरकांड न दाखवताच ती संपणार होती. संपाचे कारण एवढेच! उत्तरकांडात सीता वाल्मीकींच्या आश्रमात राहते, लव-कुश तिथेच वाढतात. सफाईचे काम करणाऱ्या वाल्मीकी समाजासाठी वाल्मीकी म्हणजे आपले आद्य पुरुष. सगळा देश दर रविवारी सकाळी जी कथा बघत होता, तिच्यातून नेमका आपलाच माणूस वगळला जातोय, ही त्यांची तक्रार होती. संप उत्तर भारतातल्या इतर शहरांत पसरला. कचऱ्याचे ढीग साचू लागले आणि रोगराईची भीती निर्माण झाली. शेवटी सरकारला नमते घ्यावे लागले आणि पुढचे भाग तयार झाले.

टीव्ही मालिकेचा शेवट पटला नाही म्हणून लोक रागावतात, हे ऐकून आपल्याला हसू येते. पण जालंधरची ही हकीकत वाचली की हसू ओसरते. राग शेवटाचा नसतोच. ‘या गोष्टीत मी कुठे आहे?’ हा खरा प्रश्न असतो.

एक पत्र, एक लेखक

‘रामायण’ संपल्यावर काही आठवड्यांतच, २ ऑक्टोबर १९८८ रोजी, बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू झाले. ९४ भागांनंतर २४ जून १९९० रोजी ते संपले. ज्या घरांत पन्नाशीच्या पुढची माणसे आहेत, त्या घरांत आजही कुणीतरी ‘मैं समय हूँ’च्या सुरात बोलून दाखवते. मराठी मुलखातला नीतिश भारद्वाज कृष्ण झाला होता. अर्जुन झालेला अभिनेता फिरोज खान. पुढे त्याने पडद्यावरचे नावही अर्जुन असेच ठेवले. आणि या सर्वांच्या तोंडचे शब्द होते डॉ. राही मासूम रझा यांचे.

राहीसाहेब गाजीपूर जिल्ह्यातल्या गंगौली गावचे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिकवून ते मुंबईत आले. ‘आधा गाँव’ ही त्यांची कादंबरी १९६६ची. गंगौलीतला मोहरम आणि फाळणीने गावाची केलेली चिरफाड तिच्यात आहे. ‘महाभारत’ लिहायला त्यांनी आधी वेळ नाही म्हणून नकार दिला होता. तरी चोप्रांनी त्यांचे नाव जाहीर केले, तेव्हा ‘हिंदू लेखक मिळाला नाही का?’ असे विचारणारी पत्रे आली. चोप्रांनी ती पत्रे राहीसाहेबांकडे पाठवून दिली आणि ती वाचूनच ‘आता हे मीच लिहिणार’ असे त्यांनी ठरवले, असे सांगतात. गंगेच्या काठी वाढलेल्या माणसाचा या कथेवर हक्क नाही, हे त्यांना मान्य नव्हते. मालिकेतले ‘पिताश्री’, ‘माताश्री’ हे शब्द त्यांनी घरातल्या अब्बाजान, अम्मीजानच्या चालीवर घडवले, असेही म्हणतात. आज ते शब्द घराघरांत असे रुळले आहेत की ते कुणी आणले, हे विचारायचेही कुणाला सुचत नाही.

राहीसाहेब १५ मार्च १९९२ रोजी मुंबईत गेले. ज्या पत्रांनी त्यांना हिणवले ती कुणाला आठवत नाहीत. त्यांनी लिहिलेले संवाद आठवतात. आपल्या मुलांना हे सांगायला हवे. या देशाच्या मोठ्या कथांमध्ये आपण फक्त प्रेक्षक म्हणून बसलेलो नाही.

ड्रॅगन आणि नाव ठेवण्याची घाई

आता अलीकडचे उदाहरण. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकन मालिकेचा शेवटचा भाग १९ मे २०१९ रोजी दाखवला गेला. आठ पर्वे, ७३ भाग. राजसिंहासन, ड्रॅगन, बर्फापलीकडून येणारी मृतांची सेना. ही मालिका मोठ्यांसाठीच आहे. हिंसा आणि उघडी दृश्ये इतकी, की घरात सगळ्यांनी मिळून बघावी अशी ती मुळीच नाही. पण आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी ती मोबाइलवर बघितली आहे, हे आईबापांनी माहीत करून घेतलेले बरे.

शेवटच्या पर्वात सहाच भाग होते. आठ वर्षे वाढवलेले धागे घाईघाईने गुंडाळले, असे चाहत्यांना वाटले. हे पर्व सक्षम लेखकांकडून पुन्हा लिहून घ्या, अशा ऑनलाइन अर्जावर पंधरा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. पर्व काही पुन्हा झाले नाही. ज्या कादंबऱ्यांवरून मालिका निघाली, त्यांचे लेखक जॉर्ज मार्टिन यांनी पाचवा भाग २०११ साली प्रसिद्ध केला होता. पुस्तके अपुरी राहिली, मालिका पुढे धावली, आणि शेवटाचा भार मालिका लिहिणाऱ्यांवर पडला.

या गोंधळात एक गोष्ट आईबापांच्या उपयोगाची आहे. मालिकेतली डेनेरिस गुलामांना सोडवते, दुबळ्यांच्या बाजूने उभी राहते. तिला ‘खलीसी’ म्हणजे राणी म्हणत. अमेरिकेत शेकडो मुलींचे नाव खलीसी ठेवले गेले. मग शेवटून दुसऱ्या भागात याच खलीसीने शरण आलेले शहर आपल्या ड्रॅगनकडून जाळून टाकले, बायकापोरांसकट. आता त्या आईबापांनी काय करावे? कथा संपायच्या आत त्यांनी लेकीला कथेचे नाव देऊन टाकले होते.

चांगले नाव मिळणे हा मुलाचा आपल्यावरचा पहिला हक्क, असे आपण मानतो. पडद्यावरच्या माणसाचे नाव देताना एवढे लक्षात ठेवावे, की तो माणूस उद्या काय करेल हे आपल्या हातात नाही. ते लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

२०२०चा रमजान

‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपल्यावर दहाच दिवसांनी, २९ मे २०१९ रोजी, तुर्कस्तानातली ‘दिरिलिश: एर्तुगरूल’ ही मालिका संपली. पाच पर्वे, १५० लांबलचक भाग. पण आपल्या घरांत ती खऱ्या अर्थाने आली पुढच्या वर्षी. २५ एप्रिल २०२० रोजी, रमजानच्या पहिल्या रोजाला, पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने तिचे उर्दू रूप दाखवायला सुरुवात केली आणि यूट्यूबवरून ते सरहद्द ओलांडून आले.

ते दिवस आठवा. लॉकडाऊन होते. मशिदी बंद, तरावीह घरात. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातले अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव. अशा गावांत उन्हाळा म्हणजे गळीत हंगाम संपून पट्टा पडण्याचे दिवस. लग्ने, येणे-जाणे, पाहुणे. त्या वर्षी सगळेच थांबले. २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा लावले होते. म्हणजे त्या उन्हाळ्यात एकाच घरात टीव्हीवर राहीसाहेबांचे ‘महाभारत’ आणि मोबाइलवर एर्तुगरूल, असे दोन्ही चालू शकत होते.

आणि बाहेर? बाहेर आजाराचा दोष एका समाजावर टाकला जात होता. भाजीवाल्याचे नाव विचारले जात होते. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे स्पष्ट मत नोंदवले. पण तो निकाल ऑगस्टमधला. एप्रिल-मेमध्ये हाताशी होता तो मोबाइल, आणि त्यात ताठ मानेने चालणारा, नमाज पढणारा, अन्यायापुढे न झुकणारा एक सरदार. त्याच्याकडे मने का ओढली गेली, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. काश्मीरमध्ये मुलांची नावे एर्तुगरूल ठेवल्याच्या बातम्या आल्या.

म्हणूनच या मालिकेचा शेवट जड गेला. एर्तुगरूल संपला म्हणजे करमणूक संपली एवढेच नव्हते. वाईट दिवसांत धीर देणारा माणूस उठून गेला होता. पाचव्या पर्वात हलीमाच नाही, यानेही अनेकजणी खट्टू झाल्या. हलीमाची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचे आजच्या पोशाखातले फोटो बघून काहींनी तिलाच समाजमाध्यमांवर उपदेश सुरू केला. तिने केलेली भूमिका आणि ती स्वतः यांत फरक आहे, हेच विसरले गेले.

धीर खरा, इतिहास किती खरा?

इथे थोडे थांबायला हवे. तेराव्या शतकातल्या खऱ्या एर्तुगरूलविषयी इतिहासाला फार थोडे ठाऊक आहे. त्याचा मुलगा उस्मान. उस्मानच्या एका नाण्यावर वडिलांचे नाव आढळते. उस्मानी बखरी लिहिल्या गेल्या त्या शंभराहून अधिक वर्षांनी. मालिकेतले बहुतेक कारस्थान, संवाद, लढाया या लेखकांनी रचलेल्या आहेत. रचणे हा काही गुन्हा नाही. दास्तान सांगणाऱ्यांनी अमीर हमजाला किती तिलिस्मांतून फिरवले! लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ती दास्तान ४६ जाडजूड खंडांत छापली. ऐकणाऱ्यांना ठाऊक असे की ही दास्तान आहे. त्यामुळे मजाही येई आणि भानही राही. पडद्यावर घोडे, तलवारी, तंबू इतके खरे दिसतात, की हे भान सुटते. मग मूल शाळेत जाऊन मालिकेतला प्रसंग इतिहास म्हणून सांगते आणि वर्गात हसू होते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, प्रत्येक शेजाऱ्यात त्याला मालिकेतला शत्रू दिसू लागतो.

धीर मिळाला तो खरा होता, यात शंका नाही. पण त्या धीराचे पुढे काय करायचे, हे मालिका सांगत नाही. ते घराने सांगायचे असते.

घरात करता येण्यासारखे

मालिका बघावी की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत आणि ज्या त्या घराने आपला निर्णय घ्यावा. पण मूल एखादी मोठी मालिका बघून संपवते आणि दोन दिवस गप्प गप्प असते, तेव्हा ‘काय त्या खोट्या गोष्टीसाठी रडतोस’ म्हणून उडवून लावू नये. जवळ बसावे आणि विचारावे: तुला शेवट कसा हवा होता? कुणाचे वाईट वाटले? शत्रूच्या बाजूच्या आईला काय वाटले असेल? यातले काय घडलेले आहे आणि काय लिहिलेले आहे, ते आपण मिळून शोधू या का?

दादी-नानींनाही या गप्पांत ओढावे. त्यांच्या आठवणीत रविवारची सकाळ आहे, वाड्यातला एकच टीव्ही आहे, त्यापुढे सतरंजीवर बसलेली सगळ्या जातीधर्मांची पोरे आहेत. कुणाच्या घरचा टीव्ही आणि कुणाच्या घरचा चहा, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे. शेवट आवडला नाही तर रागावायलाही शेजारी कुणी बसलेले नसते. तो राग मग अनोळखी माणसांवर, समाजमाध्यमांवर निघतो.

आणि एखाद्या मुलीला किंवा मुलाला शेवट अगदीच पटला नसेल, तर वही द्यावी. तुला हवा तसा शेवट तू लिही म्हणावे. जालंधरच्या कामगारांनी आपला माणूस कथेत परत आणायला झाडू खाली ठेवला. राहीसाहेबांनी ती पत्रे वाचून लेखणी उचलली. आपल्या घरात लेखणी आहे, मराठी आहे, उर्दू आहे, सांगण्यासारखे पुष्कळ आहे. अंकुशनगरच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या बापाची, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाची, लॉकडाऊनमधल्या त्या रमजानची गोष्ट अजून कुणी मालिकेत दाखवलेली नाही. ती कुणीतरी लिहायला घ्यावी.