उभा तरंग, आडवा तरंग

रेडिओतरंगातील विद्युतक्षेत्र ज्या दिशेत आंदोलित होते, तिला त्या तरंगाचे ध्रुवण म्हणतात; अँटेनाची दांडी उभी असेल तर ध्रुवण उभे असते, आणि ती जमिनीला समांतर असेल तर आडवे. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास समांतर तारांची जाळी तरंगांच्या वाटेत धरून फिरवली, तेव्हा एका स्थितीत तरंग अडले आणि दुसऱ्या स्थितीत पार गेले. दोन अँटेना परस्परांशी काटकोनात असल्या की हेच घडते: तत्त्वतः काहीच ऐकू येऊ नये, पण इमारती आणि टेकड्यांवरून परावर्तित होताना तरंगाचे ध्रुवण थोडेफार बदलते, त्यामुळे प्रत्यक्षात संकेत पुरता न हरपता सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शंभरपटीने, क्षीण होऊ शकतो.

ब्रिटनमधील हौशी रेडिओचालकांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यावर, ज्याला तरंगलांबीवरून ‘दोन मीटर’ म्हणतात, दोन्ही प्रथा शेजारी नांदतात. १४४.३०० मेगाहर्ट्झच्या आसपास सिंगल साइडबँड पद्धतीने, म्हणजे वाहक तरंग आणि एक पार्श्वपट्टा गाळून, दूरवर बोलणारे अँटेना आडवी ठेवतात, तर १४५.५०० मेगाहर्ट्झवर एफएमने साद घालणारे ती उभी ठेवतात.

या विभागणीमागे भौतिकीइतकाच इतिहासही आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत, एएमचे युग असताना, घरांवरील अँटेना बहुधा आडव्या असत, म्हणून मोटारींवरही ‘हॅलो’ नावाची, अर्धतरंग दांडी कड्यासारखी वाकवून आडवी बसवलेली अँटेना दिसे. पुढे व्यावसायिक वापरातून बाद झालेले, केंब्रिजच्या पाय कंपनीसारख्या उत्पादकांचे एफएम संच हौशींच्या हाती आले आणि १९७० च्या दशकात संकेत ग्रहण करून पुन्हा प्रक्षेपित करणारे रिपीटरही उभे राहिले. मोटारीच्या छतावरची जेमतेम अर्ध्या मीटरची उभी दांडी सर्व दिशांना सारखेच प्रक्षेपण करते, त्यामुळे वाहन वळले तरी संपर्क टिकतो. या सोयीपुढे हॅलो मागे पडली. दूरसंपर्कात मात्र आडवे ध्रुवण टिकले, आणि ते योग्यच होते: अनेक दांड्यांची यागी अँटेना उभी लावली की धातूचा खांब तिच्या दांड्यांना समांतर येऊन प्रक्षेपण बिघडवतो, शिवाय यंत्रांपासून उद्भवणारा गोंगाट उभ्या ध्रुवणात अधिक असल्याचे सामान्यतः आढळते.

बीबीसीच्या एफएम प्रसारणाचा प्रवासही याच वळणाचा आहे. रॉथम येथून १९५५ साली ते सुरू झाले तेव्हा छपरांवरील अँटेना गृहीत धरून आडवे ध्रुवण निवडले होते. मोटारींतले आणि हातात नेण्याजोगे संच वाढल्यावर त्यात उभ्याची भर घालावी लागली. दूरचित्रवाणीने तर काटकोनातील क्षीणतेचाच उपयोग करून घेतला, कारण यूएचएफवर मुख्य केंद्रे साधारणतः आडवी आणि स्थानिक सहप्रक्षेपक बहुधा उभे ठेवल्याने परस्परांचा अडथळा कमी होतो.

नवशिक्याला ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल, तर उभ्या अँटेनावर साइडबँडचे दूरचे आवाज क्षीण का येतात हे न कळून तो संचालाच दोष देतो, आणि नाहक खर्चात पडतो. डोंगरमाथ्यांवरून बोलणारे चालक म्हणूनच हलकी यागी नेतात, जी खांबावर नव्वद अंशांत फिरवता येते. ती पंचेचाळीस अंशांत तिरकी बांधली तर दोन्ही प्रकारच्या केंद्रांशी बोलता येते, मात्र प्रत्येक वेळी निम्मी शक्ती, म्हणजे ३ डेसिबल, गमवावी लागते.